लहान मुलाला घेऊन लंडनला बहिणीकडे: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

बहीण, भाऊ किंवा दीर इंग्लंडमध्ये स्थिरावले की दोन-तीन वर्षांत बोलावणं येतंच. "यंदा उन्हाळ्यात या गं, पिल्लूला घेऊन." मग होतं काय, सगळ्यात आधी तिकिटं काढली जातात, कारण ती स्वस्त दिसतात. मुलाचा पासपोर्ट सगळ्यात शेवटी आठवतो. आमच्या ओळखीतल्या तीन घरांमध्ये गेल्या दोन वर्षांत हाच उलटा क्रम झाला आणि तिघांनाही तारखा बदलायचे पैसे भरावे लागले. म्हणून क्रमानेच लिहिते. मी मुलगी तीन वर्षांची असताना तिला घेऊन लंडनमधल्या हॅरोला ताईकडे महिनाभर राहून आले. उदाहरणं तिथलीच आहेत, पण इंग्लंडमध्ये कुठेही जाणार असाल तरी क्रम बदलत नाही.

## १. सहा महिने आधी: मुलाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नको

पासपोर्टच्या अर्जाला हात लावण्याआधी जन्मदाखला बाहेर काढून नीट वाचा. आपल्याकडे बाळंतपणानंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर अनेकदा बाळाचं नावच नसतं. फक्त आई-वडिलांची नावं आणि तारीख असते, कारण बारसं नंतर झालेलं असतं. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क टाकून मिळतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आधार कार्ड पुढे करून भागत नाही.

दुसरी गोष्ट आईच्या नावाची. दाखल्यावर आईचं नाव सासरचं आणि तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर माहेरचं, असं आपल्याकडे सर्रास असतं. ते चूक नाही, पण दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवणारा कागद जवळ हवा. विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. हा कागद या प्रवासात तीनदा लागू शकतो: पासपोर्टला, व्हिसाला आणि लंडनच्या विमानतळावर.

मग पासपोर्टचा अर्ज. मुलांच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं 'अनेक्शर डी' हे प्रतिज्ञापत्र लागतं. पासपोर्ट सेवा केंद्रात मुलाला सोबत न्यायचं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा 4.5 बाय 3.5 सेंटीमीटरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट आणि त्यांच्या स्वाक्षांकित प्रतीही न्या. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो, त्यामुळे "काढलाय की मागेच" म्हणून निर्धास्त राहू नका. उघडून तारीख बघा.

अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळं नाव एकाच रकान्यात लिहिण्याची चूक फार होते. आपल्या पद्धतीत मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात, आडनाव आडनावाच्या रकान्यात. पुढे तिकीट आणि व्हिसा याच अक्षरांवर चालतात.

इथे थांबा आणि तपासा: जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट आणि आई-बाबांचे पासपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून नावं अक्षर-अक्षर जुळवा. इंग्रजीतला एक 'ए' जास्त असेल तरी आत्ताच दुरुस्त करा. दाखला ग्रामपंचायतीचा आणि फक्त मराठीत असेल, तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

## २. तिकिटाआधी ताईशी मोकळं बोलणं

हे आपण टाळतो, कारण घरच्या माणसांना असं कसं विचारायचं असं वाटतं. पण तिकडची घरं लहान असतात, दोघंही नोकरीला जातात आणि कामाला बाई नसते. न बोललेल्या गोष्टींमुळे दुसऱ्या आठवड्यात तोंडं पडतात. फोनवर या गोष्टी स्पष्ट करून घ्या:

- त्यांच्या सुट्ट्या नेमक्या कधी आहेत? आपल्या मे महिन्यात तिकडच्या शाळा सुरू असतात. उन्हाळ्याची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात लागते आणि ऑगस्ट संपेपर्यंत चालते. भाचरांसोबत खेळायला म्हणून मेमध्ये गेलात, तर भाचरं दिवसभर शाळेत आणि तुमचं मूल एकटं, असं होतं.
- मूल कुठे झोपणार? जिन्याला फाटक आहे का? दुमजली घर आणि अडीच वर्षांचं मूल असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.
- किराणा आणि फिरण्याचा खर्च कोण करणार? "अगं राहू दे" हे उत्तर समजू नका. आम्ही ताईला सांगितलं, दर शनिवारचा बाजार आमचा. तिने एकदाच नाही म्हटलं आणि मग मानलं.
- गाडीत मुलाची सीट आहे का? हा मुद्दा पुढे सविस्तर येतो, पण विचारायचं आत्ताच.

## ३. तारखा ठरवा, तिकीट मात्र थांबवा

व्हिसासाठी तिकीट काढलेलंच हवं असं नाही. प्रवासाच्या तारखा सांगितल्या की पुरतं. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका.

मूल दोन वर्षांच्या आतबाहेर असेल तर वाढदिवस बघा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, कमी भाड्यात जातं. पण जाताना एक वर्ष अकरा महिन्यांचं आणि येताना दोन पूर्ण, असं असेल तर परतीला त्याच्यासाठी स्वतंत्र सीट आणि मुलाचं भाडं लागतं.

शक्य असेल तर थेट विमान घ्या. मुंबईहून लंडन साधारण दहा तास. मधे थांबणारं तिकीट स्वस्त असतं हे खरं, पण रात्री तीनला झोपलेलं मूल खांद्यावर, हातात दोन बॅगा आणि पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

## ४. व्हिसाचा अर्ज: मुलाचा वेगळा, आणि सोबत कोण हे विचारपूर्वक

नातेवाइकांना भेटायला 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा लागतो. जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि व्हिसा अर्ज केंद्रावर हजेरी लावल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. गर्दीच्या दिवसांत जास्तही. म्हणून तीन महिन्यांची खिडकी उघडली की पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा.

दुधपित्या बाळाचाही अर्ज स्वतंत्र आणि शुल्कही स्वतंत्र. आईच्या अर्जात त्याचं नाव लिहून काम होत नाही.

या टप्प्यावरची सगळ्यात महाग पडणारी चूक सांगते. मोठ्यांसोबत जाणाऱ्या मुलाच्या व्हिसावर ते मोठे कोण, हे नोंदलेलं असतं. मूल त्याच माणसांसोबत इंग्लंडमध्ये शिरू शकतं. आपण अर्ज भरताना फक्त आईचं नाव टाकतो, मग आईला ऑफिसमधून सुट्टी मिळत नाही आणि ठरतं, "बाबांसोबत पाठवू, तू आठवड्याने ये." असं ऐन वेळी बदलता येत नाही. दोन मोठ्यांची नावं देता येतात. ती दोन्ही विचार करून द्या. आजी सोबत येणार असेल, तर आधीच ठरवा की नोंद आई-बाबांची की आई-आजीची.

मूल दोघांपैकी एकासोबतच जात असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं संमतीपत्र लागेल. त्यात तारखा, तिकडचा पत्ता, फोन नंबर, सही आणि पासपोर्टची प्रत असावी.

बाकी कागद असे:

तुमचे: नोकरीचं पत्र आणि त्यात रजा मंजूर केल्याचा उल्लेख, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, सहा महिन्यांचं बँकेचं विवरण. व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी. मूल शाळेत जात असेल तर शाळेचा बोनाफाईड दाखला.

बहिणीचे: निमंत्रणाचं पत्र, त्यांच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा, घराचा करारनामा किंवा पत्त्याचा कागद, आणि खर्च त्या करणार असतील तर त्यांचं बँकेचं विवरण.

नात्याचा पुरावा: इथे पुन्हा आपली नावं आडवी येतात. दोघी बहिणी, दोघींची लग्नानंतरची आडनावं वेगळी, वडिलांचं नाव दोन्हीकडे गेलेलं. कागदावर नातं दिसतच नाही. दोघींचे जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले आणि दोघींचे विवाह दाखले जोडा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

सावध: अर्जाच्या आधी पंधरा दिवस सासऱ्यांकडून तीन-चार लाख खात्यात टाकून घेऊ नका. अचानक आलेली रक्कम कुठून आली, हे कागदाने दाखवता आलं नाही तर ती मदतीऐवजी अडचण होते. तुमची नेहमीची कमाई आणि ठरवलेला खर्च यांचा मेळ बसला पाहिजे. पंधरा दिवस राहण्याचं गणित खरं मांडा.

## ५. केंद्रावरचा दिवस

मुलालाही न्यायचं असतं. पाच वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण फोटो काढतात. मूल जेवून, झोपून उठल्यावरची वेळ घ्या. आम्ही अकराची घेतली आणि मुलगी आनंदात होती. पुढच्या खिडकीवर दुपारी दीडला आलेलं एक बाळ भुकेने इतकं रडत होतं की फोटोला चार प्रयत्न लागले आणि त्याच्या आईच्याही डोळ्यांत पाणी आलं.

निकाल आला की लगेच तपासा: नाव, जन्मतारीख, व्हिसाच्या तारखा आणि मुलाच्या व्हिसावरची सोबत्यांची नोंद. चूक असेल तर प्रवासाआधीच कळवून दुरुस्त होते. आता तिकीट काढा. ते काढल्याच्या दिवशीच विमान कंपनीला फोन करून बाळाचा पाळणा आणि मुलाचं जेवण मागा. पाळणे मोजकेच असतात, आणि प्रत्येक कंपनीची वजनाची मर्यादा वेगळी असते. ती विचारून घ्या.

प्रवास विमाही याच आठवड्यात घ्या. इंग्लंडमध्ये अपघात विभागातल्या उपचारांचे पैसे पाहुण्यांना पडत नाहीत, पण मुलाला वॉर्डात दाखल करावं लागलं तर सरकारी रुग्णालयही पाहुण्यांकडून ठरलेल्या दराच्या 150 टक्के आकारतं. एका न्यूमोनियाने घरातली पुंजी संपू शकते. विम्यात मुलाचं नाव वेगळं आहे का आणि आधीचा दमा किंवा फिट्स यांचा समावेश आहे का, हे कागदावर वाचा.

## ६. बॅग भरताना: पेढे घरी ठेवा

हे मला स्वतःला शिकावं लागलं. ताईला आवडतात म्हणून मी किलोभर कंदी पेढे नेले होते. ते विमानतळावरच काढून घेतले गेले. नियम साधा आहे: भारतातून ब्रिटनमध्ये मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, घरचं कढवलेलं तूप, सगळं बाद. बाळाचं पावडरचं दूध आणि बाळाचं खास अन्न माणशी दोन किलोपर्यंत चालतं, पण ते कंपनीच्या बंद पाकिटात आणि फ्रिजमध्ये न ठेवता टिकणारं हवं. कडीपत्त्याची जुडी, मेथी, तुळशीचं रोप असलं ताजं काही नेऊच नका.

न्यायचंच तर गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोह्याचे पापड, तेलातला चिवडा, शेंगदाण्याची चिक्की. सगळं बंद पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून, चेक-इन बॅगेत. बाकी डाळ-तांदूळ-कणीक हॅरो, वेम्बली, साउथहॉलला कोपऱ्यावर मिळते. त्यात वजन घालवू नका.

औषधं: मुलांच्या डॉक्टरांना प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी दाखवा आणि इंग्रजीत चिठ्ठी घ्या, औषधाच्या मूळ नावासह. तापाचं औषध, ओआरएस, नेहमीचा पंप किंवा अॅलर्जीचं औषध मूळ खोक्यात, हाताच्या बॅगेत.

सावध: तापाचं पॅरासिटॅमॉल दोन्ही देशांत वेगवेगळ्या तीव्रतेत येतं. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमची बाटलीही असते आणि 250 ची सुद्धा. "आपल्याकडे एक चमचा देतो" म्हणून तिकडच्या बाटलीतून तसाच देऊ नका. बाटलीवरचा आकडा वाचा. डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या.

हाताच्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड मुलाचे आणि एक तुमचा. उलटी झाली तर मूल स्वच्छ होतं आणि आई दहा तास त्याच कुर्त्यात बसते. सगळी मूळ कागदपत्रं, जन्मदाखला आणि ताईचा पत्ता-फोन कागदावर लिहिलेला, हेही हाताच्याच बॅगेत. पॉवर बँकही चेक-इनमध्ये चालत नाही.

## ७. विमानात

घडीची बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. चेक-इनच्या काउंटरवर तिला टॅग लावून घ्या. बाळाचं दूध आणि मऊ भात 100 मिलिलिटरच्या नियमात येत नाहीत, पण तपासणीला वेगळे काढून दाखवा.

उतरताना कान दुखतात. विमान खाली येऊ लागलं की बाळाला पाजा, मोठ्या मुलाला पाण्याचे घोट किंवा चोखायला काही द्या. झोपलं असेल तर त्या वेळी उठवा, नाहीतर ते किंचाळतच उठतं. नवीन खेळणी एकदम काढू नका, दोन तासांना एक. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ चालली ती चिकटपट्टीची गुंडाळी.

## ८. उतरल्यावर: इमिग्रेशन आणि गाडी

अधिकारी मुलाला थेट विचारू शकतात, "या कोण?" त्याला घाबरवू नका. घरी खेळातच सवय करा. आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला मागितला जातो. तो तिथे वरच्या बॅगेत शोधत बसू नका. किती दिवस, कुणाकडे, काय करतात ते, परत कधी, ही उत्तरं आई-बाबांची सारखी हवीत.

बाहेर ताई-भावोजी गाडी घेऊन उभे असतात आणि आपण सवयीने मुलाला मांडीवर घेतो. तिथे कायद्याने मूल 12 वर्षांचं किंवा 135 सेंटीमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याच्या मापाच्या सीटमध्येच बसतं. ही सीट ताईने आधी उसनी आणून, गाडीत बसवून, घट्ट आहे का ते हलवून बघितलेलं असायला हवं. सीट आणली पण ती दुसऱ्या वयाची, हेही होतं. म्हणून मुलाची उंची आणि वजन महिनाभर आधी कळवा. टॅक्सीत सीट नसेल तर मूल मागच्या बाजूला बसवून नेण्याची सूट आहे, पण ती सूट नातेवाइकांच्या गाडीला लावू नका.

## ९. पहिले चार दिवस काही ठरवू नका

बहुतेक सहली इथेच बिघडतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तुमचं मूल तिथल्या पहाटे तीनला ठणठणीत जागं होतं आणि संध्याकाळी पाचला मान टाकतं. त्यात जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणून "अजून दिवस आहे" म्हणत झोपायला नकार. ताईने मात्र पहिल्याच शनिवारी मंडळींना जेवायला बोलावलेलं असतं.

पहिला शनिवार मोकळा ठेवायला आधीच सांगा. दररोज सकाळी मुलाला उन्हात बागेत न्या, दुपारची झोप तासाभराची ठेवा, रात्री खोलीच्या खिडकीला जाड चादर लावा. पहाटेसाठी एक डबा भरून ठेवा: केळं, पोळीचा रोल, चित्रांचं पुस्तक. त्या वेळी खालच्या मजल्यावर, हळू आवाजात. भावोजींना सकाळी कामावर जायचं असतं आणि लाकडी जमिनीवरून धावणारी पावलं घरभर ऐकू येतात.

घरात दोन गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवून घ्या. एक, न्हाणीघर. जमिनीला मोरी नसते, बाहेर गालिचा असतो, आणि जुन्या घरांत गरम पाण्याचा नळ वेगळा असतो, तो पटकन भाजतो. मुलाला एकटं सोडू नका. दुसरं, स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म. आपण उत्साहाने फोडणी करतो, मिरच्या तडतडतात आणि छतावरून कर्कश आवाज सुरू होतो. आमची मुलगी त्या आवाजाने इतकी घाबरली की पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात यायला तयार नव्हती. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, मगच तेल तापवा.

तब्येत बिघडली आणि रुग्णालयात जावं का कळत नसेल तर 111 वर फोन करा. श्वास लागणं, फिट येणं, बेशुद्धी, यासाठी 999.

फिरताना: ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आणि बसमध्ये 11 वर्षांखालचं मूल तिकीटधारक मोठ्यांसोबत फुकट. पण सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नसते, म्हणून मार्ग बघताना 'पायऱ्या नकोत' हा पर्याय निवडा. बसमधल्या बाबागाडीच्या जागेवर व्हीलचेअर आली, तर गाडी घडी करून जागा द्यायची असते. एका दिवशी एकच ठिकाण. आम्ही एकाच दिवसात संग्रहालय आणि नदीकाठ करायला गेलो आणि मुलगी परतीच्या ट्यूबमध्ये तासभर रडली. नंतरचे दिवस सकाळी एक जागा, दुपारी घर, संध्याकाळी कोपऱ्यावरची बाग असे ठेवले. ती आज विचारलं तर त्या बागेतल्या बदकांबद्दलच सांगते.

## १०. परतीची बॅग

आठवडाभर आधी बॅगा ताईच्या वजनकाट्यावर ठेवा. तिने इकडच्या सहा घरांसाठी दिलेल्या चॉकलेटांचं वजन आपण कधीच धरलेलं नसतं. बंद डबा देऊन "अमक्याकडे पोहोचव" असं कुणी सांगितलं तर तो उघडून बघा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. उसनी आणलेली सीट पुसून, त्या घरी काहीतरी गोड घेऊन परत करा.

मुलाला दोन दिवस आधीपासून सांगा की आता आपण घरी जाणार आहोत, मावशी इथेच राहणार आहे. आयत्या वेळी विमानतळावर कळलं तर ते मावशीला सोडत नाही आणि रडू फक्त त्याचंच राहत नाही. परत आल्यावर ते रात्री अकरा-बारापर्यंत जागं आणि सकाळी दहापर्यंत गाढ, असे चार-पाच दिवस जातात. शाळा असेल तर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाठवू नका, आणि तुमचीही रजा दोन दिवस जास्त मांडा.